जवळा, क्रिल आणि देवमासा : स्टॅन्ली केंप यांचें चरित्र

मुळशी तालुक्यांत पावसाळ्याच्या तोंडावर आठवड्याच्या बाजारीं गेलें असतां एका अंगास गोणपाटांवर सुक्या मासळीचे ढीग मांडलेले आढळतात. बोंबील, वाकट्या आणि सोडे यांच्या शेजारीं जवळ्याचीही एक रास असते, आणि मापटें बुडवून बुडवून ती विकली जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने पाऊस कोसळूं लागला म्हणजे ताज्या मासळीचें नांव नको. त्या दिवसांत भाकरीबरोबर परतलेला जवळा हाच पुष्कळ घरांचा आधार होय. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं तो खाल्ला असेल, निदान त्याचा वास तरी सर्वांच्या परिचयाचा असेल. परंतु मुठींत घेतलेल्या त्या तांबूस भुग्यांतील एकेक काडी म्हणजे एक सबंध प्राणी आहे, त्यास डोळे आहेत, लांब मिशा आहेत, पोहण्याचे पाय आहेत, हें थांबून किती जणांनीं पाहिलें असेल?

ज्यानें तें पाहिलें, भिंगाखालीं धरून बारकाईनें पाहिलें, आणि पुढें पृथ्वीच्या दक्षिण टोकास जाऊन जगांतील सर्वांत मोठ्या प्राण्याच्या अन्नाचा शोध केला, अशा एका पुरुषाचें चरित्र आज सांगावयाचें आहे. स्टॅन्ली वेल्स केंप हें त्यांचें नांव. सागरविज्ञानाच्या जगांत तें मोठें गणलें जातें. आपल्या देशांत त्यांनीं आयुष्याचीं चौदा वर्षें घालविलीं. तथापि आपल्याकडे तें नांव प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांपलीकडे फारसें पोहोंचलें नाहीं.

केंप यांचा जन्म लंडन शहरीं ता. १४ जून १८८२ रोजीं झाला. तेथील सेंट पॉल्स शाळेंत शिक्षण झाल्यावर ते आयर्लंडांतील डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजांत गेले, व १९०३ सालीं पदवी घेऊन बाहेर पडतांच आयर्लंडच्या मत्स्यखात्यांत साहाय्यक निसर्गशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. आयर्लंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागर एकदम खोल होतो. तेथें सरकारी बोटीवरून जाळें सोडावयाचें, वर आलेल्या चिखलपाण्यांतून लहानमोठे प्राणी निवडावयाचे, बरण्यांत भरावयाचे, आणि मग महिनेच्या महिने त्यांच्या पायांचे सांधे व मिशांचे कांटे मोजीत बसावयाचें, असें तें काम होतें. ऐकणारास हें कंटाळवाणें वाटेल. पण कोळंबीच्या दोन जाती पुष्कळदां एवढ्याशा कांट्यावरूनच वेगळ्या ओळखतां येतात. सात वर्षें हें काम करून १९१० मध्यें त्यांनीं आयर्लंडच्या किनाऱ्यावरील कोळंबीवर्गावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ते कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्यें दाखल झाले.

कलकत्त्यास त्या वेळीं नेल्सन ॲनन्डेल या विद्वान गृहस्थांच्या हाताखालीं प्राणिशास्त्राचा विभाग होता. त्याच विभागांतून पुढें १९१६ सालीं भारतीय प्राणिसर्वेक्षण ही संस्था निर्माण झाली व केंप तिचे एक अधीक्षक झाले. या काळांत त्यांनीं जेवढी भटकंती केली तेवढी क्वचितच कोणा कार्यालयांतील अधिकाऱ्यानें केली असेल. १९११-१२ मध्यें ते ईशान्येकडील अबोर टेकड्यांत लष्करी मोहिमेबरोबर गेले, आणि तेथें दगडाखालीं त्यांना एक मखमली अंगाचा, आंधळा, अनेक पायांचा प्राणी सांपडला. असला प्राणी भारतांत असेल अशी कोणाची कल्पनाही नव्हती. शंभरांहून अधिक वर्षें तो पुन्हा कोणास दिसला नव्हता. अगदी अलीकडे, त्याच मोहिमेच्या वाटेनें गेलेल्या भारतीय संशोधकांनीं तो पुन्हा शोधून काढला व १९२४ नव्हे, २०२४ सालीं ती वार्ता प्रसिद्ध झाली. ओरिसांतील चिलका सरोवराची पाहणी त्यांनीं ॲनन्डेल यांच्यासमवेत केली. पावसाळ्यांत गोडें आणि उन्हाळ्यांत खारें होणाऱ्या त्या पाण्यांत कोणते जीव कोणत्या ऋतूंत टिकतात, हा तेथील मुख्य प्रश्न होता. पाण्याचा स्वभाव पालटला कीं त्यांतील वस्ती पालटते, हा धडा केंप यांनीं तेथें गिरविला.

आतां जवळ्याकडे येऊं. ॲसीटीस हें जवळ्याच्या कुळाचें शास्त्रीय नांव मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३० सालीं ठेविलें होतें. परंतु त्यांत जाती किती, त्या कोणकोणत्या, याविषयीं बराच घोटाळा होता. केंप यांनीं म्यूझियममधील नमुने एकत्र करून १९१७ सालीं या कुळावर स्वतंत्र लेख लिहिला, आणि तो आजही अभ्यासकांस चाळावा लागतो. जवळा हा कोळंबीचाच धाकटा भाऊ होय. वाढला तरी इंच-दीड इंचाच्या पलीकडे क्वचित जातो. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर कोळी लोक डोल जाळ्यांत तो धरतात. भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह, गढूळ उथळ पाणी आणि खाड्यांच्या मुखांतून आलेला कुजका पालापाचोळा व सूक्ष्म जीव, हें ज्या ठिकाणीं जमतें तेथें जवळ्याचे थवे होतात. बोंबील, वाकटी, घोळ इत्यादि मासे त्यावर जगतात, आणि त्या माशांवर माणसें.

मुळशीकरांनीं येथें क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या धरणासाठीं १९२१ सालीं येथील शेतकऱ्यांनीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला, त्या धरणाचें पाणी आज भिऱ्याच्या वीजघरावरून घाटाखालीं उतरतें आणि कुंडलिका नदीनें रेवदंड्याच्या खाडीस जाऊन मिळतें. पूर्वीं हेंच पाणी मुळेंतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस व कृष्णेंतून पूर्वसमुद्रास जात असे. म्हणजे तालुक्यावर पडलेल्या पावसाचा एक मोठा भाग आतां अरबी समुद्रांतील ज्या खाडीस जातो, तिच्याच आसपासच्या किनाऱ्यावरून जवळा घाट चढून आपल्या बाजारीं येतो. समुद्र आपल्यापासून दूर आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

केंप यांच्या आयुष्यास वळण लागलें तें १९२४ सालीं. त्या वर्षीं ॲनन्डेल यांचा अकालीं मृत्यु झाला आणि संस्थेचा कारभार केंप यांच्याकडे आला. प्रतिष्ठेची जागा, परिचयाचा देश, हाताशीं नमुन्यांचीं कपाटें, असें सर्व अनुकूल असतां इंग्लंडहून त्यांस दुसरें बोलावणें आलें. दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांत देवमाशांची जी शिकार चालली होती तिच्या संशोधनाचें प्रमुखपद त्यांना देऊं केलें होतें. वयाचीं बेचाळीस वर्षें झालेलीं, पत्नी आणि लहान कन्या पदरीं. त्यांनीं तें पद स्वीकारलें.

ही शिकार काय होती तें सांगितल्याखेरीज पुढील कथा समजणार नाहीं. उत्तरेकडील समुद्रांतील देवमासे मारून मारून विरळ झाल्यावर शिकाऱ्यांचा मोर्चा दक्षिणेकडे वळला. अटलांटिकच्या दक्षिण भागांत साउथ जॉर्जिया नांवाचें एक हिमाच्छादित बेट आहे. तेथें १९०४ सालीं नॉर्वेचे कॅप्टन लार्सेन यांनीं ग्रीटव्हिकेन येथें पहिला कारखाना काढला. देवमाशाच्या चरबीचें तेल साबणास लागे, पुढें कृत्रिम लोण्यास लागूं लागलें, आणि पहिल्या महायुद्धांत तर त्यांतील ग्लिसरीन स्फोटक द्रव्यांसाठीं हवें होतें. थोड्याच वर्षांत बेटाच्या किनाऱ्यांवर हाडांचे ढीग पडले. ब्रिटिश सरकारास शंका आली कीं उत्तरेकडे झालें तेंच येथेंही होणार. म्हणून तेलाच्या प्रत्येक पिंपावर कर बसवून त्या पैशांतून संशोधन करावें, असा बेत ठरला. देवमाशाच्या मरणावर कर घेऊन त्याच्या जीवनाचा अभ्यास करावयाचा, ही व्यवस्था विचित्र खरी. परंतु त्या कराविना हें कार्य उभेंच राहिलें नसतें, हेंही तितकेंच खरें.

या कामासाठीं जें जहाज मिळालें तें साधें नव्हतें. कॅप्टन स्कॉट यांची पहिली दक्षिण ध्रुवाकडील सफर ज्यावरून १९०१ सालीं निघाली तेंच डिस्कव्हरी नांवाचें लांकडी, तीन डोलकाठ्यांचें जहाज दुरुस्त करून घेण्यांत आलें. कप्तान होते जोसेफ स्टेनहाउस. शास्त्रज्ञांत ॲलिस्टर हार्डी नांवाचे एकोणतीस वर्षांचे उत्साही तरुण होते. हेरिंग माशाच्या पोटांत काय काय सांपडतें याचा शोध करून त्यांनीं नुकताच लौकिक मिळविला होता. इ. स. १९२५ च्या ऑक्टोबरांत जहाज इंग्लंडहून निघालें, आणि केपटाउन व ट्रिस्टन डा कुन्हा या मार्गानें पुढच्या फेब्रुवारींत साउथ जॉर्जियास पोहोंचलें. तें फार डुलत असे आणि चाल मंद होती. दक्षिणेकडील त्या समुद्रांत वाऱ्यास अडविणारी जमीन कोठेंच नाहीं. पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा पृथ्वीप्रदक्षिणा करीत असतात असें म्हटलें तरी चालेल. अशा जहाजावर, हातपाय गोठविणाऱ्या थंडींत, तारेच्या दोरानें जाळीं आणि बाटल्या खोल सोडून परत वर ओढावयाच्या, हा तेथील नित्यक्रम होता.

बेटावर दुसरी एक तुकडी किनाऱ्यावरील प्रयोगशाळेंत काम करीत होती. मारून आणलेला प्रत्येक देवमासा मोजावयाचा, नर कीं मादी, पोटांत पिल्लूं आहे कीं काय हें पाहावयाचें, आणि जठर फाडून त्यांतील अन्न तपासावयाचें. मॅकिंटॉश आणि व्हीलर या दोघांनीं अशा रीतीनें दीड हजारांहून अधिक देवमासे तपासले. रक्तानें आणि चरबीनें माखलेल्या त्या फळ्यांवर दिवसचे दिवस उभें राहणें सुखाचें नव्हतें. निळे देवमासे शंभर फुटांच्या घरांत जाणारे. त्यांच्या जठरांत मोठे मासे नव्हते, तर जवळ्यासारख्या दोन इंची प्राण्याचा तांबडा लगदा होता. अन्य कांहीं जवळजवळ नव्हतेंच.

हाच क्रिल होय. हा शब्द नॉर्वेच्या शिकाऱ्यांचा. दक्षिणेकडील मुख्य जातीस डेना या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८५० सालीं शास्त्रीय नांव दिलें होतें. दिसावयास तो जवळ्याचा सख्खा भाऊ वाटतो, परंतु गण निराळा आहे : जवळ्याचे कल्ले पाठीच्या कवचाखालीं झांकलेले असतात, क्रिलचे उघडे लोंबतात, शिवाय क्रिलच्या अंगावर काजव्यासारखे निळसर प्रकाश देणारे बिंदु असतात. वजन फार तर दोन ग्रॅम. मात्र त्यांचे थवे कधीं कधीं मैल मैल पसरतात व समुद्राचें पाणी तांबूस दिसूं लागतें. निळा देवमासा तोंड उघडून अशा थव्यांत शिरतो, शेंकडों मण पाणी आंत घेतो, आणि टाळूस लोंबणाऱ्या झालरींतून पाणी बाहेर दडपून अन्न तेवढें मागें ठेवितो. दिवसाकांठीं तो कित्येक टन क्रिल खातो.

येथपर्यंतचें ज्ञान शिकाऱ्यांस कांहींसें होतेंच. केंप यांच्या पुढील प्रश्न निराळा होता. क्रिल येथेंच कां? आणि या वर्षीं विपुल तर पुढल्या वर्षीं दुर्मिळ, असें कां? शिकार सुरू झाल्यापासून कोणत्या हंगामांत देवमासे भरपूर येत, कोणत्या हंगामांत बेटाजवळ फिरकत नसत. देवमासे संपत आले म्हणून येत नाहींत, कीं अन्न अन्यत्र गेलें म्हणून तेही अन्यत्र गेले, हें कळल्याखेरीज किती मारूं द्यावे हें कसें ठरवावें? म्हणून देवमाशाचा शोध करावयाचा तर क्रिलचा करावा लागतो, क्रिलचा करावयाचा तर तो ज्यावर जगतो त्या सूक्ष्म वनस्पतींचा, आणि त्यांचा करावयाचा तर पाण्याचा. केंप यांनीं आपल्या मंडळीस या क्रमानें कामास लाविलें. आमच्या मतें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. पैसे देणारास देवमाशांची शिरगणती हवी होती. यांनीं समुद्राचें उष्णतामान, खारटपणा व त्यांत विरघळलेले क्षार मोजावयास आरंभ केला.

त्या मोजमापांतून आणि पुढील वर्षांच्या शोधांतून जें चित्र तयार झालें तें थोडक्यांत असें. दक्षिण ध्रुवाभोंवतालच्या महासागरांत पृष्ठावर अत्यंत थंड पाण्याचा थर असतो. त्याखालीं उत्तरेकडून दक्षिणेस सरकणारें, किंचित उबदार पण अधिक खारट असें खोल पाणी आहे. या पाण्यानें लांबचा प्रवास केलेला असल्यामुळें, वरून मरून खालीं पडलेल्या असंख्य जीवांच्या कुजण्यानें त्यांत फॉस्फेट, नायट्रेट आणि सिलिका हीं खतें सांठलेलीं असतात. ध्रुवप्रदेशाजवळ वाऱ्यांच्या ओढीनें तें पाणी वर येतें. शेतांत खत पडावें तसें होतें. उन्हाळ्यांत तेथें सूर्य जवळजवळ मावळतच नाहीं, आणि डायॅटम नांवाच्या, कांचेच्या डबीसारखें कवच असलेल्या सूक्ष्म वनस्पतींचें अमाप पीक येतें. क्रिल तें पीक चरतो.

उत्तरेकडे जातां जातां हें थंड पृष्ठजल एका ठरावीक पट्ट्यांत उबदार पाण्याखालीं बुडी घेतें. जहाजावरील मनुष्यास तो पट्टा ओलांडतांना थोड्याच अंतरांत दोनतीन अंशांचा फरक जाणवतो, हवाही पालटते. तेथें भिंत नाहीं, कुंपण नाहीं. परंतु क्रिलची वस्ती बहुतेक त्या पट्ट्याच्या दक्षिणेसच राहते. साउथ जॉर्जियाभोंवतीं दोन प्रकारचें पाणी एकमेकांस भिडतें : एक पश्चिमेकडून येणारें आणि दुसरें वेडेल समुद्राच्या बर्फाकडून येणारें. या दुसऱ्या पाण्याबरोबर क्रिल वाहत येतो, असें केंप व त्यांचे सहकारी यांस दिसून आलें. ज्या वर्षीं त्या प्रवाहाचा जोर येथें पोहोंचतो त्या वर्षीं सुकाळ, अन्यथा दुष्काळ. पुढील काळांतील निरीक्षणांनींही तेंच सांगितलें. क्रिल कमी आलेल्या वर्षीं साउथ जॉर्जियावरील पेंग्विन आणि सील यांचीं पुष्कळशीं पिल्लें उपाशीं मरतात.

क्रिलच्या जन्माची कथा तर याहून नवलाची. मादी उन्हाळ्यांत पृष्ठाजवळ अंडीं घालते. तीं बुडत बुडत शेंकडों मीटर खालीं, कित्येकदां हजाराच्या जवळपास जातात. तेथील किंचित उबदार पाण्यांत तीं फुटतात आणि कांही खाण्याचें तोंडही नसलेले ते अर्भक पोहत पोहत वर येऊं लागतात. वर पोहोंचेपर्यंत त्यांस खाण्याचीं साधनें फुटतात. मग हिवाळा येतो, सूर्य जातो, समुद्र गोठतो. त्या वेळीं बर्फाच्या खालच्या बाजूस जें शेवाळ धरतें तें खरवडून हीं पिल्लें जगतात. म्हणजे जें बर्फ आपणांस मृत्यूचें रूप वाटतें तें क्रिलच्या पिल्लांस कुरणाप्रमाणें होय. हिवाळ्याच्या अखेरीस सुमारें १८० लक्ष चौरस किलोमीटर समुद्र गोठलेला असतो, आणि उन्हाळ्यांत त्यांतील जेमतेम सहावा हिस्सा उरतो. इ. स. २०२३ च्या फेब्रुवारींत तो २० लक्षांच्याही खालीं गेला. अटलांटिकच्या दक्षिण भागांत क्रिलची वस्ती गेल्या कांहीं दशकांत दक्षिणेकडे सरकत चालली आहे, असें संशोधकांस आढळलें आहे. केंप यांच्या जहाजांनीं शंभर वर्षांपूर्वीं जाळ्यांतून काढलेल्या बरण्यांची मोजदाद नसती, तर आजच्याशीं ताडून पाहावयास कांहींच हातीं नसतें.

एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. क्रिल समुद्रांत सारखा पसरलेला नसतो. एका जाळ्यांत घागरभर निघावा आणि थोड्या अंतरावर दुसऱ्यांत एकही नसावा, असें वारंवार होई. मग खरें प्रमाण कोणतें? यावर हार्डी यांनीं एक युक्ति काढली. पाणतीराच्या आकाराचें एक यंत्र जहाजामागें ओढावयाचें; त्याच्या आंत रेशमी जाळीची पट्टी गुंडाळीवरून हळू हळू सरकते, आणि मार्गांतील सूक्ष्म जीव त्या पट्टीवर क्रमानें चिकटून राहतात. शेवटीं पट्टी उलगडली कीं मैलामैलाचा हिशेब डोळ्यांपुढें येतो. डिस्कव्हरी जहाजावर प्रथम वापरलेलें हें यंत्र सुधारून आजही व्यापारी जहाजांमागें ओढलें जात आहे. हार्डी पुढें फार प्रसिद्ध झाले, सर झाले. परंतु त्यांना प्रयोगास मोकळीक देणारे प्रमुख केंप होते, हें विसरतां येत नाहीं.

सन १९२७ मध्यें जहाज परत आलें. जुनें लांकडी जहाज या कामास अपुरें आहे, हें स्पष्ट झालें होतें. म्हणून १९२९ सालीं डिस्कव्हरी दुसरी या नांवाचें पोलादी जहाज बांधून केंप पुन्हा दक्षिणेस निघाले. त्याच्या जोडीस विल्यम स्कोर्सबी नांवाची लहान बोट होती. देवमाशांच्या अंगांत क्रमांक घातलेल्या खुणेच्या नळ्या मारून ते कोठून कोठें जातात हें पाहण्याचें काम तिच्याकडे होतें. दुसऱ्या जहाजानें पुढें भर हिवाळ्यांत सबंध दक्षिण खंडाला प्रदक्षिणा घातली. जॉर्ज डीकन यांनीं पाण्याच्या थरांचें रहस्य याच जहाजावरील मोजमापांतून उलगडलें. १९३१ सालीं रॉयल सोसायटीनें केंप यांस आपले सभासद करून घेतलें.

पण ज्यासाठीं हें सर्व आरंभिलें त्याचें काय झालें? १९२५ पासून शिकाऱ्यांनीं नवीन जहाजें आणलीं. त्यांच्या मागील अंगास उतरती घसरण असे. मारलेला देवमासा तिच्यावरून ओढून जहाजांतच तेल काढावयाचें. बेटावर येण्याची गरज उरली नाहीं, परवाना नको, कर नको, अटी नकोत. १९३०-३१ च्या एकाच हंगामांत सुमारें २९,००० निळे देवमासे मारले गेले. केंप यांच्या मंडळींनीं अहवालांमागून अहवाल छापले, आंकडे पुढें मांडले. व्यापाऱ्यांनीं थांबावयाचें तें तेलाचा भाव कोसळला तेव्हां थोडे थांबले, आणि पुन्हा सुरू झाले. निळ्या देवमाशास पूर्ण संरक्षण १९६६ सालीं मिळालें, तोंवर दक्षिणेकडे ते शंभरांत एकही उरले नव्हते. ज्ञान वेळेवर मिळालें होतें. तें वापरणारे वेळेवर मिळाले नाहींत. २०२० सालीं साउथ जॉर्जियाच्या आसपास संशोधकांस निळे देवमासे पन्नासाहून अधिक वेळां दिसले, ही मात्र अलीकडील आनंदाची वार्ता होय. क्रिलचीही आतां जहाजांनीं धरपकड होते, माशांच्या खाद्यासाठीं आणि तेलासाठीं. तिच्यावर मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९८२ पासून अमलांत आहे, व आपला देशही त्यांत सामील आहे. त्याच वर्षाच्या जानेवारींत, गोव्याहून निघालेली आपली पहिली मोहीम डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखालीं दक्षिण खंडावर उतरली होती.

इ. स. १९३६ मध्यें केंप हे प्लिमथ येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. तेथेंही तोच प्रश्न त्यांच्यापुढें निराळ्या वेषानें उभा राहिला. त्या दशकांत इंग्लिश खाडींतील हेरिंग मासा नाहींसा होत चालला होता आणि प्लिमथच्या कोळ्यांचा धंदा बसत होता. प्रयोगशाळेंतील रसेल यांस आढळलें कीं पाण्यांतील बाणासारख्या एका सूक्ष्म कृमीची जात पालटली आहे. पूर्वीं एक जात सांपडे, आतां दुसरी. हिवाळ्यांतील पाण्यांत फॉस्फेटही उणें झालें होतें. कोळ्यांनीं जास्त मासे मारले एवढेंच कारण नसून पाणीच बदललें होतें. १९३८ सालीं ब्रिटिश असोसिएशनच्या प्राणिशास्त्र विभागाचे अध्यक्ष या नात्यानें केंप यांनीं जें भाषण केलें त्याचा विषयही हाच होता : समुद्राची स्थिति आणि सागरी प्राण्यांच्या संख्येंतील चढउतार. आयर्लंडची कोळंबी, चिलक्याचें पाणी, कलकत्त्यांतील जवळा, जॉर्जियाचा क्रिल, हें सर्व मार्गीं लागून येथें येऊन मिळालें, असें तें भाषण चाळतांना वाटतें.

मग दुसरें महायुद्ध आलें. १९४१ च्या मार्चांत प्लिमथवर शत्रूच्या विमानांनीं आगीचा वर्षाव केला. प्रयोगशाळेची हानि झाली, आणि तिला लागून असलेलें केंप यांचें राहतें घर जळून गेलें. आयुष्यभर जमविलेला ग्रंथसंग्रह त्यांत गेला. वयास साठ वर्षें होत आलेलीं. त्यांनीं प्रयोगशाळेची डागडुजी करविली, राहिलेल्या सहकाऱ्यांस कामास लाविलें, आणि युद्धानंतर सागरविज्ञानाची मांडणी कशी व्हावी याचा विचार चालूं ठेविला.

युरोपांतील युद्ध ता. ८ मे १९४५ रोजीं संपलें. त्यानंतर आठच दिवसांनीं, ता. १६ मे रोजीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं केंप प्लिमथ येथें निवर्तले. त्यांच्या जागीं रसेल आले. दक्षिण समुद्रांतून आणलेल्या बरण्यांची मोजणी त्यांच्यामागें सतरा वर्षें चालूं होती. डिस्कव्हरीच्या मंडळींतील जेम्स मार यांचा क्रिलवरील मोठा ग्रंथ १९६२ सालीं बाहेर पडला.